विद्यापीठाच्या संघात नवीन आहात? दारूच्या बैठकीला जाण्याआधी हे वाचा

संघात निवड झाली की पहिल्या आठवड्यात किट मिळतं, सरावाचं वेळापत्रक मिळतं, ग्रुपमध्ये नाव जोडलं जातं. मग एक निरोप येतो: "शनिवारी सगळ्यांनी यायचंय. नवीन लोकांनी तर यायचंच." तिथे दारू असणार का, नाही घेतली तर चालेल का, कोणी मागेच लागलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस विचारायला कचरतो. कालपरवा संघात आलेल्याला पहिलाच प्रश्न हा विचारायला अवघड जातो.

मी विद्यापीठाच्या हॉकी संघात खेळले आणि शेवटी त्याच संघाची कॅप्टन होते. म्हणजे या बैठका मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. हा लेख पिणाऱ्यांसाठी आहे तसाच न पिणाऱ्यांसाठीही आहे. त्या रात्री काय करायचं हे त्या रात्री ठरवू नका, एवढंच मला मुख्यतः सांगायचं आहे. सगळे टेबलावर हात आपटत तुमचं नाव घेत असतात, ग्लास पुढे आलेला असतो, तेव्हा विचार करायला सवड नसते. निर्णय आधी घ्यायचा आणि निदान एका माणसाला सांगून ठेवायचा.

तुमच्याकडे दारू पिण्याचं जे कायदेशीर वय असेल ते तुम्ही गाठलं नसेल, तर तुमची मर्यादा शून्य. पायरी ३ मधला हिशोब तुमच्यासाठी नाही. बाकीचं सगळं मात्र वाचा, कारण बैठकीला तुम्हीही असणारच.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- संघाची आचारसंहिता आणि क्रीडा शिष्यवृत्ती असेल तर तिच्या अटींचा कागद
- वसतिगृहाचे नियम, विशेषतः रात्री परतण्याची वेळ आणि दारूबद्दलचं कलम
- ओळखपत्र
- पूर्ण चार्ज केलेला फोन; त्यात तुमच्या भागातला रुग्णवाहिकेचा क्रमांक, वसतिगृहाच्या वॉर्डनचा किंवा सुरक्षारक्षकाचा क्रमांक, आणि रूममेटचा
- परत येण्यापुरते वेगळे ठेवलेले पैसे, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही
- अ‍ॅलर्जी, दमा, मधुमेह, फिट्स किंवा चालू औषधं असतील तर त्याची चिठ्ठी पाकिटात. फोन लॉक असला की त्यातली माहिती कुणाला दिसत नाही

पायरी १: कागद वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका

आचारसंहितेवर सही सगळेच करतात, वाचतात फार थोडे. त्यात तीन गोष्टी शोधा. सामन्याआधी किती तास दारू बंद आहे. संघाची जर्सी किंवा ट्रॅकसूट घालून पिण्यावर बंदी आहे का. आणि नवीन खेळाडूंच्या 'स्वागता'बद्दल, रॅगिंगबद्दल काय लिहिलं आहे. शिष्यवृत्तीच्या अटी संघाच्या नियमांपेक्षा कडक असू शकतात आणि शिष्यवृत्ती गेली तर ती परत मिळवून देणं सिनियरच्या हातात नसतं.

उत्तेजक द्रव्य चाचणीबद्दल ड्रेसिंग रूममध्ये बरंच उलटसुलट ऐकायला मिळतं. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत तिरंदाजी, मोटार शर्यती अशा मोजक्या खेळांसाठी स्पर्धेदरम्यान दारूवर बंदी होती. 2018 पासून दारू त्या यादीतून काढली. पण एखादा खेळ चालवणारी संघटना स्वतःचा वेगळा नियम ठेवू शकते, तेव्हा आपल्या खेळाचा नियम तपासा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बैठकीत दारूबरोबर फिरणाऱ्या इतर गोष्टी. गांजा आणि कोकेन स्पर्धेदरम्यान बंदच आहेत, आणि शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, हा वाडाचा मूळ नियम आहे. "मला माहीत नव्हतं त्यात काय होतं" या उत्तराने सुटका होईलच असं नाही. म्हणून कुणाच्या हातातली सिगारेट किंवा व्हेप ओढायचा नाही आणि कुणी दिलेली गोळी घ्यायची नाही, मग देणारा कितीही जवळचा असो.

पायरी २: संघात खरंच किती पितात ते स्वतः पाहा

नवीन माणसाला वाटतं सगळेच भरपूर पितात. तसं नसतं. अमेरिकेत वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की, आपल्या आजूबाजूचे लोक दारूबद्दल जितके मोकळे आहेत त्याहून जास्त मोकळे आहेत असं विद्यार्थी धरून चालतात. पुढे 1993 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना तेच दिसलं. ज्याला त्याला वाटत होतं की कॅम्पसवरच्या पिण्याने अवघडलेला मी एकटाच आहे, बाकी सगळे मजेत आहेत. मनातलं कुणी बोलत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचा अंदाज चुकीचा येत होता.

संघात हा गैरसमज आणखी पक्का होतो, कारण जास्त पिणारा मोठ्याने बोलतो आणि कमी पिणारा गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी गोष्टी सांगितल्या जातात त्या उलट्यांच्या, पडण्याच्या, हरवलेल्या बुटांच्या. अकरा वाजता शांतपणे घरी गेलेल्यांची गोष्ट कोण सांगणार?

पहिल्या बैठकीत हातांकडे बघा. आमच्या संघातली एक बचावपटू सुरुवातीला एक उंच ग्लास घ्यायची, त्यात बर्फ, लिंबाची फोड आणि सोडा. तो ग्लास ती डाव्या हातात धरून संध्याकाळभर सगळ्यांशी बोलत फिरायची. बर्फ वितळला की पुन्हा सोडा. ती पीत नाही हे संघातल्या निम्म्या मुलींना वर्ष संपेपर्यंत माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनाही त्याचं काही नव्हतं. अशी माणसं प्रत्येक संघात असतात. ती ओळखा आणि शक्यतो त्यांच्या शेजारी बसा.

पायरी ३: आकडा ठरवा

"कमी घेईन" हा निर्णय नव्हे. आकडा लागतो, आणि शून्य हाही आकडाच आहे.

हिशोब असा. 5 टक्के अल्कोहोल असलेल्या 330 मिलि बिअरमध्ये साधारण 13 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 40 टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या 60 मिलि पेगमध्ये साधारण 19 ग्रॅम. 12 टक्के वाइनच्या 150 मिलि ग्लासमध्ये 14 ग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाचं यकृत तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे एका 60 मिलि पेगला दोन तास किंवा थोडे जास्तच. हा वेग कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने, धावून किंवा घाम गाळून वाढत नाही. व्यायाम करणाऱ्याचं यकृतही त्याच वेगाने काम करतं. "आपण खेळाडू आहोत, आपल्याला झेपतं" यात तथ्य नाही.

'एक ड्रिंक' हे माप सगळीकडे सारखं नाही. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम, ऑस्ट्रेलियात एक प्रमाणित ड्रिंक 10 ग्रॅम, अमेरिकेत 14 ग्रॅम. इंटरनेटवर वाचलेला सल्ला कुठला आहे ते पाहिल्याशिवाय आकडे उचलू नका. शिवाय खोलीवरच्या बैठकीत पेग डोळ्यांच्या अंदाजाने ओतला जातो आणि हात सहसा जडच असतो.

सारखंच वजन असलं तरी बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं. मिश्र बैठकीत मुलांच्या बरोबरीने पिण्याची पैज मुलींनी घेऊ नये ती यासाठी. यात कमीपणाचा प्रश्नच नाही. काहींचा चेहरा एका ग्लासातच लाल होतो आणि छाती धडधडते. त्यांच्या शरीरात अल्कोहोल पचवण्याच्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) जन्मतः कमजोर असू शकतं. सवयीने ते सुधारत नाही आणि असं असताना पीत राहणं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवतं.

आपल्यासाठी खास सापळा म्हणजे सरावानंतर किंवा सामन्यानंतर थेट बैठकीला जाणं. पोट रिकामं, शरीरातलं पाणी कमी, तहान लागलेली. अशा वेळी पहिला थंड ग्लास तहानेपोटी घटाघटा जातो. आधी पाणी प्या, पोटभर जेवा, मगच निघा. जेवण पोटात असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं.

पायरी ४: नाही म्हणायचं वाक्य पाठ करा

वाक्य छोटं हवं आणि त्याला कारण जोडायचं नाही. "आज नाही." "माझं झालं." "मी घेत नाही, सोडा चालेल." कारण दिलं की समोरचा कारणाशी वाद घालायला लागतो. "उद्या पेपर आहे" म्हटलं की "एकाने काय होतंय" हे ठरलेलं. तेच वाक्य त्याच आवाजात तीनदा म्हणा. तिसऱ्यांदा बहुतेक जण कंटाळून दुसरीकडे वळतात.

"अँटिबायोटिक चालू आहे" ही थाप पुष्कळ जण मारतात. एका रात्रीपुरती ती चालते. पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी शोधावं लागतं, आणि आपण पीत नाही हे लपवण्यासारखं आहे असं स्वतःलाच वाटू लागतं. पहिल्याच बैठकीत खरं सांगून टाकलेलं वर्षभर सोपं जातं.

ज्यांच्यासाठी हा धर्माचा, घरच्या संस्कारांचा किंवा तब्येतीचा प्रश्न आहे त्यांनी मोठ्या संघांकडे पाहावं. दक्षिण आफ्रिकेकडून खेळताना हाशिम आमला शर्टवर बिअर कंपनीचा लोगो लावत नसे, आणि त्याने संघातलं त्याचं स्थान कमी झालं नाही. तो त्या संघाचा कर्णधारही झाला. 2019 चा विश्वचषक जिंकल्यावर शॅम्पेन उडायच्या आधी मोईन अली आणि आदिल रशीद बाजूला झाले, आणि इंग्लंडच्या संघात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. जानेवारी 2022 मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाचा संघ अ‍ॅशेस विजयाचा जल्लोष करत होता, तेव्हा शॅम्पेन सुरू होताच उस्मान ख्वाजा मंचावरून उतरला होता. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्याने सहकाऱ्यांना शॅम्पेन थांबवायला सांगितलं आणि ख्वाजाला वर बोलावून घेतलं, तेव्हा सगळ्यांचा फोटो झाला. तुमच्या कॅप्टनला ही गोष्ट जरूर सांगा.

आता आधी कुणाला सांगून ठेवायचं ते. संघातला एक माणूस निवडा, शक्यतो एखाददोन वर्षांनी सिनियर, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सरावानंतर बोला: "मी दोनच घेणार आहे" किंवा "मी घेणार नाही, कोणी मागे लागलं तर जरा बघशील?" बहुतेक सिनियर याला मनापासून हो म्हणतात. त्यांनाही कधीतरी असं कुणीतरी हवं होतं.

न पिणाऱ्यांच्या गळ्यात गाडी चालवण्याचं आणि सगळ्यांना खोलीवर सोडण्याचं काम कायमचं पडतं. एकदोनदा आनंदाने करा. नंतर पाळी लावायला सांगा.

पायरी ५: 'स्वागता'ची रात्र

इथे थोडं थांबून वाचा, कारण जिवावर बेतणारे प्रसंग बहुतेक याच रात्री घडतात.

नवीन खेळाडूंचं स्वागत वाईट नसतं. गाणी म्हणायला लावणं, सिनियरांची नावं पाठ करून घेणं, वेडेवाकडे कपडे घालून एकत्र जेवायला जाणं, यात लाज वाटली तरी इजा नसते आणि नको म्हटलं तर सोडूनही देतात. रेषा ओलांडली जाते ती पुढच्या गोष्टी दिसल्या की:

- कुठे जायचंय ते शेवटपर्यंत सांगत नाहीत
- आत गेल्यावर फोन काढून घेतात
- प्रत्येक नवीन खेळाडूने किती संपवायचं हे आधीच ठरलेलं असतं
- घड्याळ लावून, एका दमात प्यायला लावतात
- "सगळ्यांची बाटली संपल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही" असं म्हणतात
- उलटी झाली तर पुन्हा पहिल्यापासून

यातली एक गोष्टही दिसली तरी तिथून निघायचं.

वेगाने पिणं इतकं घातक का, हे समजून घ्या. पोटात गेलेली दारू रक्तात यायला वेळ लागतो. पाच मिनिटांत अर्धी बाटली संपवणारा त्या क्षणी बरा दिसतो, हसतो, हात वर करतो. पण पोटातली दारू नंतरही रक्तात उतरत राहते. माणूस झोपलेला असतो आणि रक्तातलं प्रमाण वाढतच असतं. एका पातळीपुढे मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं, आणि घशात काही अडकलं तर खोकून बाहेर टाकण्याची शरीराची स्वाभाविक क्रियाही बंद पडते. मग स्वतःच्याच उलटीने श्वास कोंडतो. सावकाश पिणाऱ्याला मळमळ, गरगर, झोप असे इशारे मिळतात. शर्यतीत पिणाऱ्याला ते मिळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तयारी अशी करा. नवीन खेळाडूंनी आपापसात आधी भेटा. तुम्ही पाचसहा जण असाल तर ठरवा की कुणीही एकजण थांबला की सगळे थांबतील. एकट्याने नाही म्हणणं कठीण असतं, सहाजण एकदम नाही म्हणाले तर सिनियरांकडे उत्तर नसतं. कॅप्टनला सरळ विचारा: "शनिवारी पिण्याचे खेळ असणार आहेत का? सक्तीचे आहेत का?" एवढं विचारल्यानेच कधीकधी बेत बदलतो. बाहेर पडायचं तर जोडीने पडा. फोन मागितला तर देऊ नका. घरून फोन येणार आहे, एवढं सांगणं पुरे.

"त्याने स्वतःच्या मर्जीने प्यायली" हे वाक्य नंतर ऐकू येतं. संघातली जागा पणाला लागली आहे असं वाटत असताना दिलेला होकार ही मर्जी नसते. बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत आणि अनेक देशांच्या कायद्यांतही अशा प्रकाराला बंदी आहे, नवीन माणूस हो म्हणाला असला तरी. तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि ग्रुपमधल्या निरोपांचे स्क्रीनशॉट घ्या, कारण ते लवकर पुसले जातात. प्रशिक्षकाकडे जावंसं वाटत नसेल तर विद्यार्थी कल्याण विभाग किंवा रॅगिंगविरोधी समितीकडे जा.

पायरी ६: बैठकीत बसल्यावर

आपला ग्लास आपणच भरायचा आणि नजरेआड ठेवायचा नाही. ठेवलाच तर नवीन घ्या. राउंडमध्ये अडकू नका. आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची पद्धत सुरू झाली की सगळ्यात जलद पिणारा सगळ्यांचा वेग ठरवतो. "माझं मी मागवतो" असं सुरुवातीलाच म्हणा. दोन ग्लासांच्या मधे एक ग्लास पाणी. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळू नका; कॅफिनमुळे चढलेली कळत नाही, पण चढलेली असतेच.

औषधांचं नीट बघा. दुखापतीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर दारूने जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर दारू हे यकृताला जड जातं. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू घेऊच नये. सर्दीची झोप आणणारी गोळी किंवा झोपेची गोळी यांच्यासोबत दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो.

त्या दिवशी सामन्यात डोक्याला मार लागला असेल तर एक थेंबही नाही, डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत. अडखळणारी जीभ, उलटी, गोंधळलेपण, झोप या गोष्टी मेंदूला मार लागल्यानेही होतात आणि दारूनेही. प्यायलेल्या माणसात यातलं कुठलं काय हे कुणालाच ओळखता येत नाही. "चढलीय" म्हणून झोपवलेला खेळाडू प्रत्यक्षात डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. संघात कुणाला मार लागलाय हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं आणि त्याच्या हातात ग्लास दिसला तर काढून घ्यायचा. स्नायू किंवा घोटा दुखावला असेल तरी पहिले दोनतीन दिवस दारू टाळा. सूज आणि आतला रक्तस्राव वाढतो.

पायरी ७: कुणी कोसळलं तर

"झोपू दे त्याला, उतरेल सकाळपर्यंत." हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी ऐकू नका.

हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल. कातडी गार, ओठ किंवा नखं निळसर पांढरी झाली असतील. शुद्ध नसताना उलटी होत असेल. फिट येत असेल. यातलं एकही लक्षण पुरे. सगळी दिसेपर्यंत थांबायचं नाही. रुग्णवाहिका बोलवा.

ती येईपर्यंत माणसाला कुशीवर वळवा. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा हात काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडच्या हाताचा पंजा त्याच्या गालाला टेकवा. पलीकडचा गुडघा वर घेऊन त्याला आपल्याकडे वळवा, म्हणजे वरचा पाय वाकलेला राहून शरीर पुन्हा उताणं होणार नाही. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे उलटी बाहेर वाहून जाईल. मग तिथेच बसा आणि श्वास मोजत राहा. श्वास थांबला तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब द्यायला लागा. हे सगळं शुद्धीत असताना एकमेकांवर करून बघा. सरावानंतर पाच मिनिटांत जमतं.

कॉफी पाजायची नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही, घशात बोटं घालून उलटी काढायची नाही, चालवत फिरवायचं नाही. डॉक्टरांना खरं सांगा: काय, किती, किती वेळात, सोबत आणखी काही घेतलं का, डोक्यावर पडला का. मदत बोलावणाऱ्याला शिक्षा होणार नाही असा नियम काही विद्यापीठांत असतो, पायरी १ च्या कागदांत तो शोधून ठेवा. नसला तरी फोन करायचाच.

पायरी ८: दुसरा दिवस

रात्री दोनला थांबलात म्हणून सकाळी आठला रक्त स्वच्छ असेलच असं नाही. पायरी ३ चा हिशोब लावून पाहा. तोपर्यंत दुचाकी, गाडी, जिममधली जड वजनं या सगळ्यापासून लांब राहा. "घाम काढला की उतरते" म्हणून उन्हात धावायला जाणं तर सर्वांत वाईट. शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं, कारण दारूने लघवी वाढते.

सामन्यानंतर पिण्याचा हिशोब खेळाडूने एकदा तरी पाहावा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात व्यायाम करणाऱ्या पुरुषांना कसून मेहनतीनंतर वजनाच्या दर किलोमागे 1.5 ग्रॅम अल्कोहोल दिलं. ही मात्रा मोठी आहे, पण जिंकल्याच्या रात्री ती सहज गाठली जाते. स्नायूंमध्ये नवीन प्रथिनं बनण्याचा वेग, दारू न घेता प्रथिनं घेतली असता जेवढा होता त्यापेक्षा, दारूसोबत प्रथिनं घेऊनही 24 टक्क्यांनी कमी भरला. दारूसोबत फक्त कर्बोदकं घेतली तेव्हा 37 टक्क्यांनी. म्हणजे मैदानावर जी मेहनत केली तिचा काही भाग त्याच रात्री वाया गेला. झोपेचंही तसंच. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

पायरी ९: बैठका संपल्या तरी पिणं संपत नसेल तर

जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती कुणालाही न सांगता स्वतः सोडवता येते. गुण आठ किंवा जास्त आले तर विद्यापीठाच्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावरही बेततो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

यात खेळाडू म्हणून लाज वाटत असेल तर टोनी अ‍ॅडम्सचं उदाहरण आहे. आर्सेनल आणि इंग्लंडचा हा फुटबॉल कर्णधार 1996 मध्ये स्वतः जाहीरपणे म्हणाला की मी दारूचा व्यसनी आहे. त्यानंतरही तो अनेक वर्षं कर्णधार राहिला, लीग जिंकला, आणि 2000 मध्ये त्याने खेळाडूंच्या व्यसनमुक्तीसाठी 'स्पोर्टिंग चान्स' ही संस्था काढली.

पायरी १०: उद्या तुम्ही सिनियर व्हाल तेव्हा

अ‍ॅडम्स सावरत होता त्याच सुमारास, 1996 मध्ये, आर्सेन वेंगर आर्सेनलचे व्यवस्थापक झाले. त्यांनी खेळाडूंचं जेवण आणि पिणं दोन्ही बदललं आणि संघ जिंकत गेला. संघाची सवय वरून बदलते आणि कॅप्टनच्या एका वाक्याने जे होतं ते नवीन खेळाडूच्या दहा वाक्यांनी होत नाही.

मी कॅप्टन असताना आम्ही पुढच्या गोष्टी केल्या आणि त्या टिकल्या. नवीन खेळाडूंची पहिली भेट दुपारी, जेवणाची, दारूशिवाय. शिक्षा म्हणून पिणं बंद. सरावाला उशीर झाला तर दंड गोल पोस्ट वाहून नेण्याचा. दारू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमात न पिणाऱ्या दोन सिनियर, पाळीने, आणि त्यांची नावं ग्रुपमध्ये आदल्या दिवशी. सोडा आणि सरबत टेबलाच्या मधोमध, बाटल्यांच्या शेजारी. कोपऱ्यात ठेवलेलं सरबत मागून घ्यावं लागतं आणि मागणारा उघडा पडतो. कुणी "मी घेत नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न "मग काय घेशील?" एवढाच. "का?" विचारायचं नाही. सुरुवातीला दोघीतिघींनी कुरकूर केली. संघात येणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही, आणि ज्या मुली आधी बैठकीला यायच्याच नाहीत त्या यायला लागल्या.

रात्री निघताना दारात उभं राहून डोकी मोजायची, खोलीवर पोचलेल्या प्रत्येकीने ग्रुपमध्ये तसं लिहायचं, आणि ज्या दोघी न पिणाऱ्या असतील त्यांनी शेवटचं नाव आल्याशिवाय झोपायचं नाही.